मेंडोलिन घ्यावे की बँजो?

मेंडोलिन आणि बँजो ही दोन्ही नावे आपल्या घरांना अनोळखी नाहीत. १९९५ साली आलेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ने नायकाच्या हातातले मेंडोलिन गल्लोगल्ली पोहोचविले. त्याच्या कितीतरी आधी संगीतकार सज्जाद हुसेन यांनी मुंबईत या इवल्याशा वाद्यातून मींड काढून भल्याभल्यांना चकित केले होते. आणि बँजो म्हणाल तर आपल्या मिरवणुकांचा तो आवाजच आहे. बँजो पार्टी नाही अशी जयंतीची मिरवणूक आठवून पाहा.

तेव्हा सुरुवातीलाच एक घोटाळा दूर केलेला बरा. आपल्या बँजो पार्टीत टाइपरायटरसारखी बटणे दाबून जो वाजवितात तो खरा बुलबुलतरंग. १९१२ साली जपानमधील नागोया शहरात जन्मलेल्या ‘ताइशोगोतो’ या वाद्याचा तो वंशज आहे. आयर्लंडमध्ये ज्याला बँजो म्हणतात ते वेगळेच वाद्य आहे. मोठ्या दिमडीला लांब दांडी बसवावी आणि त्यावर तारा ओढाव्यात, असे त्याचे रूप. हा फरक ठाऊक नसला तर आपण मागवायचे एक आणि पेटीतून निघायचे दुसरे, अशी गत होते.

हा विषय या पानावर कशाला, असे कुणी विचारील. बँजोवर हात बसलेली आपली मुले आज मोबाईलवर जगभरचे संगीत ऐकतात. आयर्लंड-स्कॉटलंडकडचे ते चपळ नाचाचे संगीत, ज्याला केल्टिक संगीत असेही म्हणतात, एकदा कानावर पडले की पाय आपोआप ठेका धरतात. मग ते वाजवावे असे वाटते आणि दुकानात जे चकचकीत दिसेल ते उचलले जाते. आम्ही कारकुनी पेशातली माणसे. वाद्य हा महिन्याच्या पगारातून सहज निघणारा खर्च नव्हे, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी चार गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट या संगीताचीच. आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत हे संगीत मुख्यतः नाचासाठी वाढले. शेतमजूर, कोळी, लहान शेतकरी यांनी ते जपले. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात आणि पुढेही लाखो लोक देश सोडून गेले, त्यांनी ते अमेरिकेत आणि इंग्लंडात नेले. शिकागोचे पोलीसप्रमुख असलेले फ्रान्सिस ओ’नील हे स्वतः असेच स्थलांतरित. त्यांनी १९०३ साली १८५० धुनांचा संग्रह छापला. तो आजही वाजविणाऱ्यांच्या हाताशी असतो. धुनांचे प्रकार अनेक, पण दोन ओळखले तरी पुष्कळ झाले. ‘जिग’ हा सहा मात्रांचा, आपल्या दादऱ्याच्या जातीचा. ‘रील’ हा चार ठोक्यांचा, भरधाव. बहुतेक धुनांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, मग पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी पबमध्ये वाजविणारे कोंडाळे करून बसतात आणि एकामागून एक धुना वाजवीत जातात. याला ‘सेशन’ म्हणतात. तेथे व्यासपीठ नसते की ध्वनिक्षेपकही बहुधा नसतो. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, वाद्याच्या निवडीत ते फार कामाला येते.

या धुनांचा मोठा भाग फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर घडलेला आहे. मेंडोलिन या संगीतात चपखल बसते ते याच कारणाने. मेंडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. त्या जी, डी, ए, ई अशा लावतात, तंतोतंत व्हायोलिनसारख्या. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक जोडी तिच्या खालच्या जोडीचा पंचम असते. पहिली जोडी ‘सा’ धरली तर दुसरी ‘प’. दुसरीला ‘सा’ धरले तर तिसरी ‘प’. त्यामुळे फिडलवर बोटे जेथे पडतात तेथेच मेंडोलिनवर पडतात. शिवाय मेंडोलिनला पडदे असल्यामुळे बेसूर होण्याची धास्ती कमी.

यातून आणखी एक उपयोगाची गोष्ट निघते. ही बहुतेक सगळी धून दांडीच्या पहिल्या सात पडद्यांत संपते. वरच्या पडद्यांवर जाण्याची वेळ क्वचितच येते. म्हणजे वरच्या पडद्यांपर्यंत हात पोहोचावा म्हणून कडा कापलेल्या, नागमोडी वळणाच्या देखण्या वाद्यासाठी जादा पैसे मोजण्याचे आपल्याला कारण नाही.

बाजारात मेंडोलिनचे मुख्यतः तीन घाट दिसतात. पहिला इटलीतील नेपल्स शहराचा. पाठ अर्ध्या भोपळ्यासारखी गोल. अठराव्या शतकात मेंडोलिनचे हे रूप तेथे घडले. आवाज गोड, पण मांडीवरून घसरते आणि जुनी वाद्ये जाड तारांचा ताण सोसत नाहीत. दुसरा घाट सपाट पाठीचा, साधा. तिसरा अमेरिकन. मिशिगन राज्यातील कालामाझू गावच्या ऑर्व्हिल गिब्सन याने व्हायोलिनसारखी कोरलेली, मधे फुगीर तबली आणि पाठ असलेले मेंडोलिन बनविले आणि १८९८ साली त्याचे पेटंट घेतले. त्याच्या नावाच्या कंपनीने त्यात पुढे दोन रूपे रूढ केली. ‘ए’ म्हणजे साधे थेंबाच्या आकाराचे आणि ‘एफ’ म्हणजे एका खांद्यावर वळी असलेले.

ही वळी दिसायला सुरेख. कोरायला वेळ लागतो म्हणून किंमत चढते. आवाजात ती काही भर घालीत नाही. त्यातून १९२२ साली लॉइड लोअर याच्या देखरेखीखाली जे ‘एफ-५’ निघाले त्याला व्हायोलिनसारखी दोन लांबट छिद्रे होती. त्याचा आवाज तोडक आणि टोकदार. अमेरिकेच्या ब्लूग्रास संगीतात बिल मन्रो यांनी ते अजरामर केले. तेथे मेंडोलिनने ठेक्याच्या मधल्या जागी ‘चक्’ असा तुटक आघात द्यायचा असतो. आयरिश धुनेला नेमके उलटे हवे असते. स्वर थोडा रेंगाळावा, एकाचा दुसऱ्याला हात लागावा. म्हणून आयरिश वादकांपैकी पुष्कळांची पसंती मधे एकच लंबगोल छिद्र असलेल्या ‘ए’ घाटाला किंवा सपाट पाठीच्या मेंडोलिनला असते. गिब्सन कंपनीची १९१० आणि १९२० च्या दशकांतली लंबगोल छिद्राची साधी मेंडोलिने आजही तिकडे आवर्जून शोधली जातात. आपल्या सुदैवाने येथे योग्य तेच स्वस्तही आहे. असा योग खरेदीत फार वेळा येत नाही!

दुकानदार ‘केल्टिक मेंडोलिन’ म्हणून वेलबुट्टी काढलेले वाद्य पुढे करतात. प्राचीन केल्टिक मेंडोलिन असे काही नाही, हे वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे. मेंडोलिन या संगीतात उशिरा आलेला पाहुणा आहे. वेलबुट्टीचे पैसे वेगळे, वाद्याचे वेगळे.

आता सेशनमधील त्या अडचणीकडे वळू. फिडल, बासरी, अकॉर्डियन आणि इलियन पाइप्स, म्हणजे कोपराने हवा भरण्याची मशक, यांच्या गराड्यात मेंडोलिनचा आवाज बुडून जातो. वाजविणाऱ्याला स्वतःचे वाजविणे ऐकू येत नाही, मग तो तारांवर तुटून पडतो, हात आखडतो आणि लय बिघडते. घरी, दोघातिघांत, गाण्याच्या साथीला मेंडोलिनसारखे वाद्य नाही. दहा माणसांच्या सेशनसाठी मात्र बँजोचाच विचार करावा लागतो.

या बाबतीत बार्नी मॅककेना यांची हकीकत सांगण्यासारखी आहे. डब्लिनमध्ये १९३९ साली जन्मलेल्या या मुलाला मेंडोलिन हवे होते. ते परवडण्यासारखे नव्हते म्हणून त्याने बँजो धरला. पुढे ‘द डब्लिनर्स’ या संचातून तो बँजो जगभर गेला. टेनर बँजो हा मुळात अमेरिकेच्या नाचाच्या आणि जॅझच्या संचांतला. त्याच्या चार तारा सी, जी, डी, ए अशा लावीत. मॅककेना यांनी त्या जी, डी, ए, ई अशा, म्हणजे फिडलच्या बरोबर एक सप्तक खाली लावल्या आणि ही पद्धत आयर्लंडभर पसरली. २०१२ साली ते वारले. आज आयरिश बँजो म्हटले की त्यांनी रुळविलेलीच जुळणी समजली जाते. परवडत नव्हते म्हणून घेतलेले वाद्य देशाच्या संगीतात असे रुजले.

बँजोचे मूळ तर आणखी मागे जाते. गुलाम म्हणून अमेरिका खंडात नेलेल्या आफ्रिकी माणसांनी भोपळ्यावर कातडे ताणून जी वाद्ये बनविली त्यांतून तो उभा राहिला. आयर्लंडमध्येही तो ज्यांच्या हाती शोभला त्यांत ट्रॅव्हलर समाजाचे लोक आहेत. हा टीनकाम करणारा, घोड्यांचा व्यापार करणारा, जत्रेमागून जत्रा करणारा भटका समाज. रस्त्याच्या कडेला गाड्या लावून राहायचे आणि कित्येक पबच्या दारातून परत फिरायचे, हे त्यांच्या नशिबी आले. वेगळा वांशिक समाज म्हणून आयर्लंडच्या सरकारने त्यांना मान्यता दिली ती थेट मार्च २०१७ मध्ये. या समाजाशी नाते असलेल्या, कॉर्क शहरात १९१७ साली जन्मलेल्या मार्गारेट बॅरी जत्रांतून आणि सामन्यांच्या मैदानांबाहेर बँजो घेऊन गात. पुढे १९५० च्या दशकात लंडनच्या कॅम्डन टाउनमधील पबमध्ये, बांधकामावर राबणाऱ्या आयरिश मजुरांपुढे, त्या गायल्या. पेकर डन हेही असेच बँजो घेऊन फिरणारे ट्रॅव्हलर गायक. उघड्यावर, गर्दीत, माणसे येत-जात असताना ज्याला पोट भरायचे त्याला मोठ्या आवाजाचेच वाद्य लागते. बँजोच्या कर्कशपणाला नाके मुरडणाऱ्या दर्दी मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.

टेनर बँजो घेताना दोन लांबी मिळतात, १७ पडद्यांची आणि १९ पडद्यांची. आखूड दांडीवर बोटे कमी ताणावी लागतात, लहान हातांना ती बरी. लांब दांडीवर खालच्या जी-तारेला चांगला ताण मिळतो आणि ती भदभदत नाही. मात्र नवा बँजो बहुधा मूळच्या सी, जी, डी, ए जुळणीच्या तारा लावून येतो. त्याच तारा ढिल्या करून खाली उतरवू नयेत, जाड तारांचा वेगळा संच घ्यावा. पाठीमागे लाकडी थाळी असलेला बँजो अधिक मोठा वाजतो, पण खांद्याला जड होतो. चाळीच्या खोलीत सराव करायचा असेल तर उघड्या पाठीचा घ्या आणि आत एक फडके कोंबा. शेजारी दुवा देतील.

येथपर्यंत धून वाजविण्याचे झाले. साथ करायची असेल तर वेगळी वाद्ये लागतात आणि नावांचा गोंधळही तेथेच सुरू होतो. बुझुकी हे ग्रीसचे लांब दांडीचे वाद्य. १९६० च्या दशकाच्या मध्यात जॉनी मॉयनिहन यांनी ते आयरिश संगीतात आणले आणि तारा जी, डी, ए, डी अशा लावल्या. सर्वांत वरची जोडी एक स्वर उतरविली, इतकेच. पण त्यामुळे ‘डी’च्या मोकळ्या तारा दोन ठिकाणी झणकत राहतात आणि या संगीतात ‘डी’ हाच पुष्कळ धुनांचा षड्ज असल्याने तानपुऱ्यासारखा आधार मिळतो. पुढे डोनल लनी यांनी इंग्लंडमधील कारागीर पीटर अॅबनेट यांच्याकडून सपाट पाठीची बुझुकी करवून घेतली. १९७२ साली निघालेल्या ‘प्लँक्स्टी’ या संचात लनी आणि अँडी अर्विन यांनी बुझुकी व मेंडोलिन एकमेकांत असे गुंफले की पुढच्या पिढीला आयरिश साथीचा तोच नमुना झाला. ‘डी डॅनन’ संचाचे अॅलेक फिन मात्र अखेरपर्यंत गोल पाठीच्या, तीन जोड्यांच्या ग्रीक बुझुकीलाच चिकटून राहिले. नियम असा कुणी केलेला नाही.

बुझुकीची मोकळी तार साधारण २४ ते २६ इंच, मेंडोलिनची अवघी १४ इंचांच्या आसपास. या दोहोंच्या मधे २० ते २२ इंचांचे ‘ऑक्टेव्ह मेंडोलिन’ बसते, मेंडोलिनच्या एक सप्तक खाली. अमेरिकेत त्याला हे नाव, ब्रिटन-आयर्लंडमध्ये ‘ऑक्टेव्ह मेंडोला’. नुसते ‘मेंडोला’ म्हटले तर ते सी, जी, डी, ए जुळणीचे निराळेच वाद्य. इंग्लंडच्या स्टेफन सोबेल यांनी १९७० च्या दशकात पाच जोड्यांचे वाद्य बनविले आणि त्याला ‘सिटर्न’ हे जुने नाव दिले. म्हणून वाद्य मागविताना नावावर जाऊ नये. तारांची लांबी किती, जोड्या किती, जुळणी कोणती, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारावेत.

आमचे मत विचाराल तर नवशिक्याने ऑक्टेव्ह मेंडोलिन किंवा बुझुकीने सुरुवात करू नये. पडदे दूर दूर असल्याने भरधाव रील वाजविताना बोटे पुरत नाहीत आणि उमेद खचते. शिवाय सेशनमध्ये साथ करणारे वाद्य एकच असले तर बरे, असा संकेत आहे. दोघांनी दोन तऱ्हेची साथ केली तर धुनेचा चोथा होतो. घरातील आठ-दहा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला मेंडोलिनच द्यावे. जोडतारांनी पहिले काही आठवडे बोटांची टोके दुखतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर वाद्य खुंटीला लागते.

आता पारख. दुकानात गेल्यावर छिद्राच्या कडेकडे निरखून पाहा. तबलीच्या वरच्या लाकडाच्या रेषा कडेतून सरळ खाली उतरताना दिसल्या तर लाकूड अखंड आहे. थर दिसले तर प्लायवूड. तबली अखंड स्प्रूसची असावी. बाजू आणि पाठ प्लायची चालून जाईल, पण तबलीत तडजोड केली की आवाज कायमचा दबतो. त्याच किमतीत कोरीव तबलीपेक्षा सपाट तबलीचे वाद्य बहुधा सरस निघते, कारण कोरण्याची मजुरी त्यात नसते.

मग डोळा लावून दांडीवरून नजर टाका, ती वाकलेली नसावी. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकेकदा वाजवा, कोठे झणझण येते का पाहा. दुकानदार घाई करील, करू द्या. बाराव्या पडद्यावर तार पडद्यापासून दोन मिलिमीटरच्या आसपास असावी. याहून फार उंच असेल तर बोटे सोलून निघतात. त्याच बाराव्या पडद्यावर तारेला नुसते बोट टेकवून निघणारा बारीक स्वर आणि तार दाबून निघणारा स्वर जुळला पाहिजे. जुळत नसेल तर लगेच वाद्य टाकू नका. मेंडोलिनची आणि बँजोची घोडी चिकटविलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते. ती किंचित पुढेमागे सरकवून स्वर जुळतो. घोडी सरकवूनही जुळला नाही तर मात्र पडदेच चुकलेले आहेत, ते वाद्य परत ठेवा. खुंट्या फिरवून पाहा. आठ तारांचे वाद्य आहे, खुंट्या सैल असतील तर निम्मा वेळ सूर लावण्यातच जातो.

एवढे केल्यावर जे पैसे उरतील त्यातील काही जाणत्या कारागिराकडून घोडी आणि नट घासून घेण्यासाठी राखून ठेवा. मध्यम प्रतीचे पण नीट जुळविलेले मेंडोलिन, भारी पण जसे खोक्यातून निघाले तसेच ठेवलेल्या मेंडोलिनपेक्षा सुखाने वाजते. परदेशातून मागवायचे असेल तर वाहतूक आणि जकात धरून किंमत काढा, नुसत्या छापील आकड्यावर भुलू नका.

आपल्याकडचा पावसाळा या वाद्यांना मानवत नाही. दमट हवेत तबली फुगते, तारा वर उचलल्या जातात. कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून चीर पडते. वाद्य पेटीत ठेवावे, भिंतीला टांगू नये, पत्र्याच्या छपराखाली तर नाहीच. पोलादी तारांना घामाने गंज चढतो, तेव्हा वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने पुसाव्यात. तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नयेत. एक काढावी, तिच्या जागी नवी लावावी, मग दुसरी. सगळ्या एकदम सोडल्या की घोडी पडते आणि तिची नेमकी जागा शोधण्यात रविवार जातो. त्यापूर्वी घोडीच्या दोन्ही टोकांशी तबलीवर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवावी.